सरड्याचे कुंपण किती मोठे असावे?

एखाद्याची कुवत तोकडी आहे असे सांगायचे झाले, की आपल्याकडे ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे म्हणतात. पण ते कुंपण कोणी घातले आणि ते केवढे असावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न मला स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात पडला. माझी लेक व जावई नोकरीनिमित्त तेथे राहतात. त्यांच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथील प्राणिसंग्रहालयात जे पाहिले आणि त्यानंतर घरात जो विचार झाला, तो वाचक बंधू-भगिनींना सांगावासा वाटतो.

झुरिच हे तळ्याच्या काठी वसलेले शहर आहे. तळ्यातून निघालेली लिम्मत नदी शहराच्या मधून वाहते. रस्त्यावरून निळ्या-पांढऱ्या ट्रामगाड्या धावत असतात. मुंबईतील ट्राम १९६४ साली बंद झाली. जुन्या गिरणगावकरांना तिची आठवण असेल. तशाच एका ट्राममध्ये बसले की ती चढ चढत झुरिचबर्ग नावाच्या टेकडीवर नेऊन सोडते. तेथे १९२९ साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आहे. हत्ती, माकडे, पक्षी सारे आहेत. पण माझ्या नातीला पाहायचा होता तो शॅमेलिऑन. डोळे गरगर फिरवणारा, लांब जिभेने किडा टिपणारा, रंग बदलणारा सरडा. मराठीत याच्या जातभाईला सरडगुहिरा म्हणतात.

हा प्राणी काचेच्या पेटीत असेल अशी माझी समजूत होती. पण नात मला एका भल्या मोठ्या इमारतीकडे घेऊन गेली. तिचे नाव मासोआला दालन. ते २००३ साली उघडले. दार ओलांडून आत पाऊल टाकताच माझा चष्मा धुक्याने भरला. बाहेर स्वेटर लागत होते आणि आत कोकणातल्या जून महिन्यासारखी दमट ऊब. उंच झाडे, वेली, धबधबा, तळे आणि ओल्या मातीचा वास. हे दालन सुमारे ११,००० चौरस मीटरचे, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आसपास आहे. उंची सुमारे ३० मीटर. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असे. तशा सातशेहून अधिक खोल्या या एका छपराखाली मावतील.

छप्परही साधे नाही. ते काचेचे नसून पारदर्शक प्लास्टिकच्या, हवा भरलेल्या उशा जोडून केलेले आहे. उन्हात अतिनील किरण असतात. त्यांच्यामुळे सरड्याच्या अंगात हाडांसाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. साध्या खिडकीच्या काचेत त्यांतले उपयोगी किरण बहुतेक अडतात. या प्लास्टिकमधून ते आत येतात. आत कृत्रिम पाऊसही पाडला जातो. झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाता यावे म्हणून मनोरे आणि उंचावरून जाणारी पायवाट आहे.

या दालनात शॅमेलिऑनला पिंजरा नाही. तो झाडावर मोकळा असतो आणि पाहणाऱ्याने त्याला शोधायचे असते. आम्ही बराच वेळ शोधला. अखेर नातीनेच बोट दाखविले. पायवाटेच्या कडेला एका फांदीवर तो बसला होता. हिरवे अंग, त्यावर तांबूस पट्टे, शेपटीची गुंडाळी केलेली. एक डोळा आमच्याकडे, दुसरा पानावरच्या माशीकडे. पाय उचलून पुढे टाकताना तो सारखा झुलत होता, जणू वाऱ्याने हलणारे पानच. आम्ही उभे असेपर्यंत तो हातभर अंतरही चालला नाही. मग एवढे मोठे रान त्याला कशाला हवे, असा प्रश्न माझ्या मनात आला. त्याचे उत्तर त्याच्या मूळ मुलखात आहे.

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या मादागास्कर बेटावर राहतात. झुरिचमध्ये आम्ही पाहिला तो पँथर शॅमेलिऑन तेथलाच. त्या बेटाच्या ईशान्येला मासोआला नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील पावसाळी जंगल १९९७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. झुरिचचे दालन त्याच जंगलाच्या नमुन्यावर उभारलेले आहे आणि प्राणिसंग्रहालय त्या उद्यानाला पैशाची मदतही करते. त्या भागातले शेतकरी व्हॅनिला आणि भात पिकवून कसेबसे पोट भरतात. २००९ नंतरच्या राजकीय गोंधळात तेथील मौल्यवान रोझवूडची बेसुमार तोड झाली. जागतिक वारसा असलेली मादागास्करची ही पूर्वेकडील जंगले २०१० साली ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेली आणि २०२५ सालीच त्या यादीतून बाहेर आली.

या प्राण्याचा मुलूख लांबी-रुंदीपेक्षा उंचीने मोजायचा असतो. ऊन हवे असेल तेव्हा तो फांदीच्या टोकाला जातो. तापले की पानांच्या सावलीत खाली उतरतो. तहान लागली की पानावरचे थेंब चाटतो. वाटीत साठलेले पाणी त्याला सहसा ओळखता येत नाही. दुसरा नर दिसला की तो झुंजीला उभा राहतो, नाहीतर दूर निघून जातो. दिवसभरात तो थोडेच चालेल, पण वर, खाली आणि दूर जाण्याची सोय त्याला सतत हवी असते.

त्याच्या रंगाविषयीही आपल्याकडे गैरसमज आहे. ज्या रंगावर बसेल तो रंग तो घेतो, असे आपण समजतो. जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याच पँथर जातीच्या कातडीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. कातडीतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात. नर खवळला की त्या स्फटिकांमधले अंतर वाढते आणि हिरवा रंग पिवळा-तांबडा दिसू लागतो. म्हणजे त्याचा रंग बहुतांशी त्याच्या मनाची आणि अंगाची स्थिती सांगतो. कोंडलेला, घाबरलेला शॅमेलिऑन अनेकदा काळपट पडतो, दिवसाढवळ्या डोळे मिटून बसतो. त्याला बोलता येत नसले, तरी जागा पुरत नाही हे तो असे सांगत असतो.

हे सारे पाहून परतताना नातीने आपला बेत सांगितला. “आजी, मला घरी शॅमेलिऑन पाळायचा आहे.” शहरातल्या एका दुकानात तिने पिल्लू पाहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. दुकानदाराने पिलासोबत घ्यायची काचेची पेटी दाखविली. ती जेमतेम दीड फूट लांब आणि त्याहून कमी उंच होती. “सध्या एवढी पुरे,” असे तो म्हणाला. लेकीने विचारले, “आणि मोठा झाल्यावर?” त्यावर त्याने उत्तर दिले नाही.

घरी येऊन आम्ही नीट माहिती घेतली. शेजारच्या जर्मनीत १९९७ साली तज्ज्ञांनी सरपटणारे प्राणी पाळण्याचे किमान नियम लिहिले. त्यांनी पेटीचे माप फुटांत किंवा इंचांत दिले नाही. प्राण्याच्या अंगाच्या पटीत दिले. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची आणि शॅमेलिऑनसाठी तिच्या चौपट लांबी, अडीचपट रुंदी व चौपट उंची धरायची. नराचे अंग २० सेंटिमीटर असेल, तर पेटी ८० लांब, ५० रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच झाली. हे झाले कमीत कमी. अमेरिकेतले अनुभवी पाळणारे मोठ्या नरासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा सांगतात. मादी लहान असते; तिच्यासाठी दीड फूट लांब-रुंद आणि तीन फूट उंच.

ही उंची हौसेसाठी नाही. पिंजऱ्याच्या वरच्या भागात ऊब देणारा दिवा आणि अतिनील किरणांची नळी लावावी लागते. ती नळी नसेल तर हाडे मऊ होऊन वाकतात. नळी उजेड देत राहिली, तरी काही महिन्यांनी तिच्यातले उपयोगी किरण कमी होतात, म्हणून ती बदलावी लागते. पिंजरा बुटका असेल तर वर-खाली सगळीकडे सारखेच तापते, प्राण्याला गारव्याला जागा उरत नाही आणि दिव्याजवळ बसून तो भाजतो. मादीसाठी तर तळाशी जवळजवळ फूटभर ओली वाळू-माती लागते. नर नसला तरी ती अंडी घालू शकते. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. म्हणजे फूटभर उंची मातीतच जाते. ती सोडून उरलेली उंची तिची.

हवेचाही विचार करावा लागतो. कोंदट, दमट हवेत या प्राण्याच्या फुप्फुसाला आजार जडतो. म्हणून जाळीचा पिंजरा चांगला. थंड, कोरड्या घरात तीन बाजू बंद ठेवून खाली आणि वर जाळी ठेवतात, म्हणजे हवा खेळती राहते. आत जिवंत झाड आणि आडव्या-तिरक्या फांद्या हव्यात. पिंजरा जमिनीवर न ठेवता असा उंचावर ठेवावा, की प्राणी आपल्या डोळ्यांच्या वर बसू शकेल. वरून वाकून पाहणारा माणूस त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. जोडी ठेवली तर सोबत होत नाही, छळ होतो. पिल्लाला सुरुवातीला लहान पिंजरा चालतो, कारण मोठ्यात त्याला किडा सापडत नाही. पण वर्षभरात ते वाढते, तेव्हा मोठ्या पिंजऱ्याची जागा आधी ठरवावी आणि पिल्लू मागाहून आणावे.

हे वाचून झाल्यावर लेकीने टेप काढली. त्यांचे घर दोन खोल्यांचे. खिडकीजवळ थंड वारा, हीटरजवळ कोरडी ऊब, स्वयंपाकाच्या जागी वाफ आणि धूर. दोन बाय दोन बाय चार फुटांना योग्य अशी एकच जागा निघाली, ती नातीच्या अभ्यासाच्या टेबलाची. पोर टेबल द्यायलाही तयार झाली. तेव्हा जावयांनी तिला कागद दिला आणि लिहायला सांगितले: रोज जिवंत किडे कोण आणणार, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी कोण फवारणार, दिवे व नळी बदलण्याचा खर्च किती, आजारी पडला तर या प्राण्याची माहिती असलेला डॉक्टर कोठे, आणि दरवर्षी महिनाभर भारतात गेल्यावर तो कोणाजवळ राहणार. हा प्राणी नीट सांभाळला तर पाच-सहा वर्षे जगतो.

शेवटचा प्रश्न तिने रिकामा ठेवला. दोन दिवस ती कोणाशी फार बोलली नाही. मग म्हणाली, “टेबल देता येईल, पण महिनाभर त्याला कोणाकडे टाकून जाऊ?” पिल्लू आणायचे नाही असे ठरले. मुलीची हौस मोडली म्हणून लेकीला वाईट वाटले, पण निर्णय मुलीने स्वतः मोजून, लिहून घेतला याचे मला समाधान वाटले. ज्याच्या घरात जागा, वेळ आणि माहिती आहे, त्याने तेथील नियम पाळून शॅमेलिऑन जरूर पाळावा. पण आधी प्राण्याचे अंग मोजावे आणि मग आपले घर. दुकानातल्या पेटीकडे त्यानंतर पाहावे.

आपल्या देशात मात्र हा हिशेब करण्याचे कारणच नाही. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, ती म्हणजे आपला सरडगुहिरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑन बाळगणाऱ्यालाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बाजारात कोणी गुपचूप विकत असेल तर तो मुलांच्या हट्टासाठीही घेऊ नये.

सरडगुहिरा बाभळी-बोरीच्या झुडपांत, शेताच्या बांधावरच्या कुंपणात राहतो. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते. त्या वेळी ती रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडते, नाहीतर माणसाच्या काठीखाली. हा विषारी आहे, याचे दर्शन अशुभ आहे, असे सांगणारे अजून भेटतात. त्याच्या अंगात विष नाही. तो किडे खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. शकुन-अपशकुन तर माणसाच्या डोक्यातले. मुलांना हे घरातूनच सांगितले पाहिजे.

गावी गेलात आणि बांधावर सरडगुहिरा दिसला तर मुलांना चार पावले दूर उभे करावे, गप्प राहून पाहू द्यावे आणि पुढे निघावे. तो रस्त्यात असेल तर गाडी थांबवावी, त्याला पलीकडे जाऊ द्यावे. आणि बांध साफ करताना सगळे कुंपण एकदम जाळू नये, कारण त्याची धाव कुंपणापर्यंतच असते आणि ते कुंपण हेच त्याचे घर असते.