धुळीचा पाठ

आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजणारे स्वस्त यंत्र जुळवले आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका परिचिताच्या शेडबाहेर टांगले. आम्ही मराठीचे अध्यापक. अहवालाची भाषा तेवढी तपासावी म्हणून तो आमच्याकडे आला.

या यंत्रात पंखा हवा ओढतो, लेसरच्या झोतात कण आला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांचे प्रमाण ठरते. म्हणजे ते धूळ तोलत नाही, अनुमान करते. पावसाळी हवेत कण ओलावा पिऊन फुगतात व आकडा उगाच चढतो. म्हणून अशी यंत्रे आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून नोंदी ताडाव्या लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई परिसरात हेच केले होते. आम्हांला पाठचिकित्सा आठवली. लेखनिक ठरावीक तऱ्हेने चुकत असेल तर त्याच्या चुकीतूनही मूळ पाठाकडे जाता येते. (भांडारकर संस्थेच्या महाभारत-संपादकांपाशी मात्र ताडून पाहायला मूळ प्रत नव्हती. असो.)

अहवालात वाक्य होते: 'परिसरातील हवा सुरक्षित आहे.' आधार एवढाच, की पीएम २.५ चा आकडा २००९ च्या राष्ट्रीय मानकातील २४ तासांच्या ६० मायक्रोग्रॅमच्या आत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली, हे बाजूला ठेवू. पण फाउंड्रीत साचा फोडताना उडणारी, कामगाराच्या भुवयांवर बसणारी जाड धूळ या यंत्राला नीट दिसतच नाही. सिलिकोसिसला कारण होणारी बारीक सिलिका त्याला धुरापासून वेगळी ओळखता येत नाही. शिवाय ते मानक उघड्या हवेचे. भट्टीपाशी उभ्या माणसाचे नव्हे.

'सुरक्षित' हा शब्द आम्ही काढायला लावला. मुलांपैकी एकाचे वडील साचे फोडण्याच्याच कामावर आहेत. त्याने विचारले, "सर, मग बाबांच्या शेडमधलं कसं मोजायचं?" त्याच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितले: कामगाराच्या कॉलरपाशी गाळणी, कमरेला छोटा पंप, पूर्ण पाळीभर, मग ती गाळणी प्रयोगशाळेत. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि खर्च किती येईल ते विचारले.