सोललेल्या गराची किंमत

सप्टेंबर सरता सरता श्टुटगार्टच्या बाजारात ताजे अक्रोड येऊ लागतात. शिलरप्लाट्झवर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. तिथे आसपासच्या गावांतले शेतकरी सफरचंदांच्या शेजारी अक्रोडांच्या टोपल्या मांडतात. एरवी दुकानात मिळतो तो सुकवलेला अक्रोड. हा नुकताच झाडावरून पडलेला असतो. कवच फोडलं की आतला गर ओलसर, करकरीत आणि दुधट लागतो, पण त्याच्यावरची पातळ साल मात्र कडूजहर असते. ती नखाने उचलून सोलायची आणि आतला पांढराशुभ्र तुकडा लोणी लावलेल्या पावाबरोबर खायचा, ही इथली रीत. ही चैन थोड्याच दिवसांची. गर सुकत गेला की साल त्याला घट्ट धरून बसते, मग कितीही खटपट केली तरी अख्खी सुटत नाही.

हंगामाची ही घाई देवरुखच्या माणसाला नवी नाही. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर निघतात. बी हिरवी आणि कोवळी असतानाच काढायची, बोंडू पिळून बाजूला करायचा आणि मग पडवीत बसून एकेक बी विळीवर उभी चिरायची. चिरण्याआधी हाताला राख किंवा खोबरेल चोळायचं. अणकुचीदार काटकीने गर अलगद उचलायचा, मोडू द्यायचा नाही. मग गर कोमट पाण्यात टाकले की त्यांची गुलाबीसर साल बोटांनी सुटते. ओलं खोबरं, आमसूल आणि गूळ घातलेली त्यांची उसळ ताटात येईपर्यंत घरातल्या बायकांची अख्खी सकाळ गेलेली असे. “बाय, डोळ्यांना हात लावू नकोस हं,” असं आजी पुन्हा पुन्हा बजावायची, कारण काजूचा चीक उततो. जिथे लागेल तिथली कातडी भाजल्यासारखी काळी पडते आणि पुढे कित्येक दिवस तिची सालपटं निघत राहतात.

काजूच्या टरफलाला दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये स्पंजासारखा भाग असतो. त्यात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असलेलं दाहक तेल भरलेलं असतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड कोकणच्या डोंगरउतारांवर इतकं रुजलं, की ते परकं होतं हे सांगूनही खरं वाटत नाही. पण त्याचे भाऊबंद आपल्याकडे आधीपासून होतेच. आंबा, बिब्बा आणि चारोळी ही सगळी काजूच्याच कुळातली, पिस्ताही त्यातलाच. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो, तो याच नात्यामुळे. बिब्ब्याचं तर विचारूच नका. तरीही त्या बिब्ब्याच्या आत गोडंबी असते आणि डिंकाच्या लाडवांत ती हवीच. ज्या फळाचा रस अंगावर व्रण उठवतो, त्याच्या पोटातून बाळंतिणीला द्यायचा खाऊ काढायचा, हे कुणीतरी प्रथम शोधून काढलं असणार. त्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण ती बाईच असावी असं मला मनापासून वाटतं.

इथला अक्रोडही हात अगदीच सोडत नाही. त्याच्या हिरव्या सालीच्या रसाने बोटं तपकिरी-काळी होतात आणि तो डाग साबणाने जात नाही. पूर्वी याच रसाने लोकर आणि केस रंगवत. शेजारच्या आजोबांच्या परसात अक्रोडाचं मोठं झाड आहे. त्यांनी पहिल्यांदा मला बोलावलं तेव्हा आधी हातमोजे पुढे केले आणि मग टोपली. ते गवतावर पडलेले अक्रोड रोज वेचतात, ओलसर राहिले तर बुरशी धरतात म्हणून. हिरवी साल काढून, घासून, जाळीवर एकेरी पसरून पोटमाळ्यावर वाळवतात. त्यांच्या घरी हे काम पुरुषाचं आहे. आमच्या पडवीत विळीवर बसलेला पुरुष मी कधी पाहिला नव्हता.

डिसेंबर आला की आपल्या दिवाळीच्या फराळासारखी इथे घरोघरी बिस्किटांची धांदल सुरू होते. श्वाबेन प्रांतात त्यांना गुट्स्ले म्हणतात. बदाम आणि हेझलनट किलोच्या हिशेबाने लागतात आणि दोघांच्या सोलण्याची तऱ्हा वेगळी. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात टाकायचे. साल आणि गर यांना जोडणारा थर पाण्याने मऊ होतो आणि चिमटीत दाबताच बदाम सटकन बाहेर येतो. मात्र ते पुरते वाळल्याशिवाय दळायचे नाहीत, नाहीतर पिठाऐवजी लगदा होतो. हेझलनटला पाणी फारसं मानवत नाही. ते भट्टीत १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजायचे, साल तडकली की जाड पंच्यात गुंडाळून थोडा वेळ वाफेत ठेवायचे आणि चोळायचे. दाण्याच्या कुटासाठी शेंगदाणे भाजून चोळतो आणि पाखडतो, तेच हे काम. दोन्हीकडे नियमही एकच. गरम असताना दळलं तर तेल सुटतं.

सगळंच सोलायचं असंही नाही. चंद्रकोरीच्या आकाराच्या व्हॅनिलेकिप्फर्लसाठी पांढरा बदाम चांगला, पण दालचिनीच्या चांदण्यांना सालासकट दळलेलाच हवा. सालीचा तुरटपणा त्यातल्या साखरेला आवरतो. शिवाय साल गराचं रक्षण करते. सोललेला गर लवकर खवट होतो, म्हणून वर्षाचा साठा सालासकट करावा आणि लागेल तेवढंच सोलावं. हे शहाणपण श्टुटगार्टच्या आजीकडे आहे आणि देवरुखच्या आजीकडेही होतं.

आता सोललेले बदाम, काजू, अक्रोड पिशवीत तयार मिळतात. घड्याळावर चालणाऱ्या घरात ते लागतात आणि मीही आणते. पण काजूची पिशवी हातात घेतली की मला त्यामागची बोटं दिसतात. कोकणातल्या काजू कारखान्यांत बी वाफवली जाते, चिरली जाते, गर तापवून सुकवला जातो आणि मग सालीचं काम येतं. आता त्यासाठी यंत्रंही आली आहेत, पण यंत्रातून सुटलेली चिकट साल छोट्या सुरीने काढायला अजून बाईच लागते. गराची प्रत ठरते ती आकारावर आणि अखंडपणावर. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. गर दुभंगला की त्याची पाकळी झाली आणि भाव उतरला. म्हणजे पिशवीवर छापलेल्या किमतीतला मोठा हिस्सा त्या बाईच्या बोटांच्या हळुवारपणाने टिकवलेला असतो. पिशवीवर देशाचं नाव असतं, प्रत असते, उष्मांक असतात. तिचा उल्लेख कुठेच नसतो.

टरफलातलं ते दाहक तेलसुद्धा वाया जात नाही. त्यापासून होणारी राळ मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात. गॉटलीब डाइमलरने इथल्याच कान्श्टाटमध्ये १८८० च्या दशकात आपलं इंजिन घडवलं आणि हे शहर मोटारींचं झालं. पुण्याची कितीतरी मराठी घरं त्याच धंद्यामुळे इथे आली, त्यांतलंच आमचं एक. देवरुखच्या पडवीत ज्याला घाबरून आम्ही हाताला राख चोळायचो, त्या चिकाचं या धंद्याशी असं नातं आहे.

माझं मागणं मोठं नाही. सोलणं म्हणजे स्वयंपाकाच्या आधीचं किरकोळ काम, असं समजणं आपण सोडून द्यावं. अर्धा स्वयंपाक तोच आहे आणि अवघड अर्धा आहे. गर कधी ओला असतो, साल कधी सुटते, कधी ठेवायची, कुठल्या रसापासून हात जपायचे, हे ज्ञान ज्या हातांत आहे ते स्वयंपाकघरातले सर्वांत जाणते हात आहेत. आमच्या घरी डिसेंबरात टेबलाभोवती सगळे बसतात. मुलगा बदाम सोलतो, नवरा हेझलनट चोळतो. कामाला बायकांचं आणि पुरुषांचं असं नाव उरलेलं नाही.

आणि तिकडे असणाऱ्या तुम्हाला एक सांगणं. मार्चमध्ये दादरच्या किंवा गिरगावच्या बाजारात एखादी बाई ओले काजूगर घेऊन बसलेली दिसेल. शेकड्याचा भाव ऐकून महाग वाटेल. तेव्हा गर पाहाच, पण तिच्या बोटांकडेही पाहा. ती काळी पडलेली असतील, टोकांना कातडी सुटलेली असेल. त्या शंभरांतला प्रत्येक गर तिने चिकातून अख्खा बाहेर काढलेला आहे. सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका.