भूकंपानंतरचे घर कुणी बांधायचे?

कोल्हापूरच्या माणसाला भूकंप म्हटले की कोयना आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झालेल्या धक्क्याने कोयनानगर बसले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली आणि भिंती पुण्या-मुंबईपर्यंत हादरल्या. तोवरच्या भूकंप-नकाशावर हा मुलूख जवळपास निर्धोक होता. १९७० च्या सुधारित नकाशात तो झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या गटात, गेला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीला हेच झाले. आधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीची जमीन वारंवार हलली होती, तरी नकाशात ते गाव सर्वांत सुरक्षित गटात होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात गेला. मी स्थापत्य अभियंता आहे आणि दगड-मातीची, विटांची घरे भूकंपात कशी वागतात हा माझा अभ्यासाचा विषय. या दोन घटनांमधून मला एकच गोष्ट मांडायची आहे: भूकंपानंतर गाव पुन्हा नांदते करायचे असेल, तर घर बांधण्याचा निर्णय आणि ते नीट बांधण्याचे ज्ञान, दोन्ही घरमालकाच्या आणि गावच्या गवंड्याच्या हाती असले पाहिजे. सरकारने तयार घराची किल्ली हातात ठेवणे हा त्याला पर्याय होत नाही.

आधी घरे का पडली ते पाहू. मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. भिंत दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. बाहेरून एक आणि आतून एक असे दगडाचे दोन थर, मध्ये कपच्या आणि माती. या दोन थरांना एकमेकांत धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हता. जमीन आडवी हलू लागली की मधली माती खाली बसते, दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती आत-बाहेर दोन्हीकडे कोसळते. छताचे गणित त्याहून भयंकर. खांब-तुळयांवर किलचांचा थर, त्यावर माती; गळती थांबावी म्हणून अधूनमधून आणखी माती. अशी पिढ्यान्‌पिढ्या वाढत दीड फुटावर गेलेली माती चौरस फुटाला साठ-सत्तर किलो भरते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सहा-सात टन वजन. तरीही अनेक घरांत पडझडीनंतर लाकडी सांगाडा उभाच राहिला होता. सुताराने खांब-तुळईचा जोड जमवला होता, पण भिंत आणि सांगाडा यांची गाठ कुणी घातली नव्हती. दगड तोच, माती तीच, लाकूड तेच. दोष जोडांत होता. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक आरपार दगड, कोपऱ्यांवर नीट सांधा, आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा, दोन सळयांचा तीन इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा, ज्याला साइटवर सगळे लिंटल बँड म्हणतात, एवढे केले आणि छतावरची माती उतरवली, तर त्याच दगडाचे घर माणूस वाचवू शकते.

पण त्या काळात हे ऐकायला कोण तयार होते? घरातली माणसे दगडाखाली गेलेली; वाचलेल्यांना दगड नजरेसमोर नको होता, जुनी जागाही नको होती. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले आणि जागतिक बँकेच्या कर्जातून, देणगीदार संस्थांच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. घराचे माप जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, सात हेक्टरांवर जमीन असलेल्याला ७५०. ज्याचे जेवढे गेले त्याला तेवढे, हे वरवर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात गावातली विषमता काँक्रीटमध्ये ओतली गेली. बऱ्याच आराखड्यांत एका मापाची घरे एका भागात आल्याने कोण कुठल्या थरातला हे रस्त्यावरूनच कळू लागले. जुने गाव दाटीचे होते. भिंतीला भिंत, बोळ, ओसरी, चौकात जनावरे. नव्या गावात सरळ रुंद रस्ते, सुटे प्लॉट, आणि गावठाण जुन्यापेक्षा कितीतरी पसरलेले. त्या रस्त्यांची डागडुजी, ते लांबलेले नळ आणि दिवे आयुष्यभर ग्रामपंचायतीच्या माथी आले. म्हाताऱ्या माणसाला देऊळ लांब पडले, बाईला शेजारणीची हाक ऐकू येईना, शेतकऱ्याला बैल बांधायला आणि कडबा रचायला जागा राहिली नाही. पुढे लोकांनी काय केले हे या गावांच्या अभ्यासांत नोंदलेले आहे: मूळ घराला पत्र्याच्या, विटांच्या, कुठे पुन्हा दगड-मातीच्या खोल्या जोडल्या. सुरक्षित म्हणून दिलेल्या घराला बिनपट्ट्याची खोली जोडली जाते, तेव्हा त्या कुटुंबाला घर मिळाले होते पण घर कसे बांधावे ते मिळाले नव्हते, असेच म्हणावे लागते.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो आणि त्याची आठवण आपण फारच कमी काढतो. ५२ गावांच्या पलीकडे, अनेक जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच हजार गावांत, घरे होती त्याच जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरे दोन लाखांच्या आसपास. एवढ्या घरांना ठेकेदार पुरणे शक्य नव्हते, म्हणून मदत थेट घरमालकाला हप्त्याहप्त्याने दिली गेली. गवंडी त्याने निवडायचा, अभियंत्याने काम पाहून पुढचा हप्ता सोडायचा. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकारचा नियम घरापर्यंत नेणे आणि घरातली अडचण अभियंत्यापर्यंत आणणे हे त्यांचे काम. ज्या बायकांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते त्या सिमेंटच्या गोणीचा हिशेब विचारू लागल्या, पट्टा कुठे घातला ते गवंड्याला दाखवायला लावू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले तेव्हा या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. गुजरात सरकारने घरबांधणीचा मोठा भाग घरमालकांच्याच हाती ठेवला आणि नेपाळनेही २०१५ नंतर तीच वाट धरली. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून निघालेली ही रीत जगात मान्य झाली आणि महाराष्ट्रात मात्र पुनर्वसन म्हटले की अजून नव्या वसाहतीचे भूमिपूजनच डोळ्यांपुढे येते, याची मला खंत आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही हलके नाहीत. पहिला आक्षेप असा, की स्थलांतर लोकांनीच मागितले होते. खरे आहे. पण कुठल्या वेळी मागितले हेही पाहायला हवे. प्रेते निघत असताना, पाठचे धक्के बसत असताना विचारलेल्या प्रश्नाला दुसरे उत्तर येणारच नाही. त्या मागणीचा मान राखून पत्र्याचे तात्पुरते निवारे द्यावेत आणि कायमच्या जागेचा निर्णय एखादे वर्ष मागे ठेवावा. ढिगारा इतका खोल की तिथे बांधणेच अशक्य, किंवा जागाच मुळात धोक्याची, अशी गावे हलवावीच लागतील. मात्र तो निर्णय जागा तपासून व्हावा.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातून येतो: लोकांच्या हाती पैसा दिला की ते सुरक्षिततेवर खर्च करत नाहीत, दिखाऊ काम करतात. याला पुरावाही आहे. दुरुस्ती-मजबुतीच्या त्या कार्यक्रमात कितीतरी कुटुंबांनी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी त्या पैशांतून शेजारी एक नवी पक्की खोली बांधली. अभियंत्यांनी याला योजनेचे अपयश म्हटले. माझे मत वेगळे आहे. जुन्या भिंतीवरचा विश्वास उडालेल्या माणसाने निदान रात्री झोपायला एक भक्कम खोली उभी केली, हा शहाणपणाचा व्यवहार होता. चूक झाली ती पुढे. जुन्या घरात दिवसाचा वावर चालूच राहिला आणि त्याच्या छतावरची माती उतरवा, कोपरे बांधा, हे सांगायला नंतर कुणी गेले नाही. हे अपयश आमचे. लोकांवर ढकलून चालणार नाही.

तिसरा आक्षेप वेगाचा. ठेकेदार भराभर बांधतो, लोक रेंगाळतात. इथे किल्लारीचा अनुभवच उत्तर देतो. भूसंपादन, आराखडे, निविदा यांत नव्या गावांची वर्षे गेली आणि तोवर माणसे पत्र्याच्या शेडमध्ये मराठवाड्याचे उन्हाळे काढत होती. जागच्या जागी बांधणाऱ्याला निदान भूसंपादनाची वाट पाहावी लागत नाही.

आता कोल्हापूरकडे येतो. आपला जिल्हा झोन तीनमध्ये आहे. उत्तरेला वारणेचे चांदोली धरण. १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले आणि १९९३-९४ मध्ये त्या भागात पाच तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. कोयना-वारणा पट्ट्यात आजही लहान धक्के बसतात आणि शाहूवाडी-पन्हाळ्याच्या गावांना ते जाणवतात. कोयनेच्या धरणाला १९६७ मध्ये तडे गेले तेव्हा ते दुरुस्त करून मागून काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केले गेले, आणि ते करायलाच हवे होते. पण घराच्या चार भिंती एकत्र बांधायचे ज्ञान गावच्या गवंड्यापर्यंत गेले नाही. त्याची किंमत सव्वीस वर्षांनी किल्लारीने मोजली. कोयनेच्या पाटण खोऱ्यात भूकंपग्रस्ताचा दाखला मिळतो आणि त्यावर सरकारी नोकरीत दोन टक्के समांतर आरक्षणही आहे, ते हवेच. धरणासाठी एकदा उठलेल्या आणि मग भूकंपात पुन्हा उघड्यावर आलेल्या घरांचे ते देणे आहे. पण दाखल्याने पुढच्या धक्क्यात भिंत उभी राहत नाही.

स्थलांतराचा धडा तर आपल्या दारातच आहे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरी नदीकाठची गावठाणे नांदती राहिली आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत तीच गावे पुन्हा पाण्यात गेली. याला कुणी हट्ट म्हणेल. शेत, गोठा, दूध संस्था, देऊळ आणि भाऊबंद एकीकडे आणि प्लॉट दुसरीकडे असला, तर माणूस कुठे झोपणार हे सांगायला अभियंता लागत नाही. पूर आणि भूकंप यांत फरक आहे हे मान्य; पाणी कुठपर्यंत चढते ते ठाऊक असते आणि तिथून उठणे कधीकधी अटळ असते. तेव्हाही कुठे जायचे, गोठा कसा असावा, शेजारी कोण असावे हे त्या कुटुंबांनी ठरवले नाही, तर नवी वसाहत ओस पडते.

म्हणून जिल्हा परिषदेपुढे आणि माझ्या व्यवसायबंधूंपुढे एक मागणी ठेवतो. पंतप्रधान आवास योजनेतले घरकूल २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपासचे, आणि त्याचे केंद्राने ठरवलेले एक लाख वीस हजार रुपये हप्त्यांनीच मिळतात. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांत हप्ता सोडताना जोत्याचा आणि लिंटलचा पट्टा, कोपऱ्यातल्या सळया, आणि दगडाची किंवा जांभ्याची भिंत असेल तर आरपार दगड पाहिल्याशिवाय सही होऊ नये. त्याआधी तालुक्यातल्या गवंड्यांना एक भिंत प्रत्यक्ष बांधून दाखवावी, आणि प्रत्येक गावात निदान दोन बायकांना हे तपासायला शिकवावे. किल्लारीनंतर ते जमले होते, इथेही जमेल. आणि वाचकहो, तुमचे गावाकडचे घर दगड-मातीचे असेल, तर यंदा दिवाळीला गेल्यावर माळ्यावरचे वजन उतरवा आणि पोट आलेल्या भिंतीला पावसाळ्यापूर्वी गवंडी लावा.