गाठोड्यातला स्वयंपाक

संक्रांत झाली की भिवापुरात मिरचीचे दिवस सुरू व्हायचे. गावाभोवतीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची पसरून खुडायच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरचीचे ढीग पसरलेले आणि त्यांच्या कडेला डोक्यावर पदर, नाकावर फडकं बांधून बसलेल्या बाया. देठ खुडायचा, मिरची एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला, आणि संध्याकाळी वजनावर मजुरी. आमच्या माय, काकू, मावश्यांपैकी काही जणी सातऱ्यावर जात, काही घरच्याच मिरचीला बसत. खुडणं दोन्हीकडे तेच. रात्री हाताची आग आग व्हायची. कोणी तेल चोळायचं, कोणी ताकात हात बुडवून बसायचं. घरात तान्हं मूल असलं तर त्या दिवसांत त्याला दुसरीच कोणी भरवायची, कारण मायचं बोट त्याच्या ओठाला लागून चालणार नव्हतं.

आम्ही म्हणजे भिवापूर, उमरेड, पवनीकडच्या घरांत साठच्या दशकाच्या आगेमागे जन्मलेल्या मुली. लग्न होऊन कोणी नागपूरला आलो, कोणी चंद्रपूर-वर्ध्याला, दोघी-तिघी पुण्या-मुंबईला. आता आमच्या घरांत सुना आणि जावई आहेत, काही लेकी-सुना परदेशात आहेत. त्यांच्या तिकडच्या दारात आठवड्याला एक खोकं येतं. त्यात जेवण नसतं, जेवणाचं सामान असतं, मोजूनमापून. ते खोकं घ्यावं की नाही, पैसे वसूल होतात की वाया जातात, यावर आमच्या फोनवर सारख्या गप्पा चालतात. त्या गप्पा ऐकताना मला दर वेळी मायचं स्वयंपाकघर आठवतं, कारण मोजूनमापून बांधलेलं जेवण आम्ही फार आधी पाहिलं होतं.

मिरची वाळून तिखट झालं की वाळवणं निघायची. कोहळ्याच्या वड्या, मुंगवड्या, कुरड्या, तांदळाचे पापड. गव्हाच्या पिठाची बारीक दोरी काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे, जे पुढे आंब्याच्या रसाबरोबर खायचे. वांगी स्वस्त झाली की त्यांच्या फोडी चिरून वाळवायच्या, त्या खुला. अंगणात खाटेवर जुनं धोतर अंथरून हे सगळं पसरलेलं असायचं आणि कावळे, शेरडं हाकलायला आम्ही पोरी बसलेल्या. हे सगळं कशासाठी, ते पावसाळा लागला की कळायचं. शेतात रोवणीची घाई, बाया सकाळी गेलेल्या अंधारात परत यायच्या, बाजारात भाजी नाही, सरपण ओलं. तशा संध्याकाळी माय डब्यातून मूठभर खुला काढायची, भिजवायची, लाखोळीच्या डाळीत टाकायची, वरून तिखट आणि लसणाची फोडणी. भात शिजेपर्यंत भाजी तयार. तिने चिरण्या-निवडण्याचं काम उन्हाळ्यातच उरकून ठेवलेलं असायचं.

आणि मग गाठोडं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते भिवापूरहून यायचं. नागपूर-नागभीड छोटी लाइन तेव्हा चालू होती. ती गाडी 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, पण आमच्या तरुणपणी तिच्यातून माणसांइतकंच सामानही जायचं. गावातला कोणी कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाने नागपूरला निघाला की माय त्याच्या हाती गाठोडं द्यायची. आम्ही इतवारी स्टेशनवर जाऊन घ्यायचो. आत एक मोठी पिशवी तिखटाची. बाकी सगळं वर्तमानपत्राच्या पुड्यांमध्ये, दोऱ्याने बांधलेलं. मायला लिहिता येत नव्हतं. म्हणून ज्या पुडीत वड्या, त्या पुडीच्या दोऱ्याला एक गाठ. वड्यांना लागणारा कोरडा मसाला वेगळ्या लहान पुडीत, तिलाही एकच गाठ. खुलांना दोन गाठी, त्यांच्या मसाल्यालाही दोन. गाठीला गाठ जुळवायची आणि भाजी टाकायची. मी एकदा विचारलं, एवढ्या लहान लहान पुड्या कशाला, एकत्रच बांध की. ती म्हणाली, "दोघायपुरतं बांधलं हाय, एका टायमाचं. तुले नोकरी हाय, मोजत कुठी बसशीन?"

मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. सकाळची शाळा, दुपारी सासरचा स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा तोच. त्या पुडीने वाचवलेली पंधरा मिनिटं मला आजही आठवतात.

बाजारातली पाकिटंही आमच्याच डोळ्यांसमोर घराघरांत आली. मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पुण्यात 1963 मध्ये गिट्स सुरू झालं, आणि त्यांच्या गुलाबजामच्या पाकिटाने खवा आटवण्याचं काम कितीतरी घरांतून गेलं. 1983 मध्ये मॅगी आली. आमच्या सासवांना यातलं काही पटलं नाही. विकतचे पापड पानात आले की चेहरा उतरायचा. आम्ही मात्र पाकीट फोडताना कधी मान खाली घातली नाही. म्हणून आज सुनेच्या दारात खोकं दिसलं की आमच्यापैकी काही जणी जी नाकं मुरडतात, ते मला बरोबर वाटत नाही.

खोक्याची रीत अशी. स्वीडनमध्ये 2007 च्या सुमाराला हा धंदा आकाराला आला. बर्लिनला 2011 मध्ये हॅलोफ्रेश निघालं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला ब्लू एप्रन. फोनवर आठवड्याचे तीन-चार पदार्थ निवडायचे, माणसं किती ते सांगायचं, ठरल्या दिवशी खोकं दारात. माझी एक मावसबहीण मुलाकडे जर्मनीत जाऊन राहून आली. ती सांगत होती, एक गाजर, अर्धा कोबी, दोन चमचे व्हिनेगरची पिशवी, मुठीत मावेल एवढे तांदूळ, आणि वर चित्रांसहित छापलेला कागद. आधी हे चिरा, मग ते परता, एवढ्या मिनिटांनी झाकण काढा. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे मायच्या गाठी मारलेल्या पुड्या होत्या.

मग महाग पडतं का? पडतंच. तेच सामान दुकानातून आणलं तर खर्च बराच कमी येतो. पण दुकानातून आणलेल्यातलं किती पोटात जातं, हेही बघायला हवं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली असेच पाच पदार्थ घेऊन तुलना केली. एकदा खोक्यातलं सामान, एकदा दुकानातलं. खोक्यात वेष्टनांचा कचरा जास्त, तरीही दुकानातून आणलेल्या जेवणामागे वातावरणात जाणारा हरितगृह वायू सरासरी 33 टक्के जास्त निघाला. कारण घरोघरी अन्न वाया जातं ते फार मोठं. नागपुरातल्या आमच्या फ्रिजमध्येही सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी अर्धी काळी पडते, हे आम्ही सगळ्याच पाहतो. मायच्या घरी काळं पडायला काही उरत नव्हतं, कारण उरलेलं वाळत घातलं जायचं. वाळवायला जे अंगण लागतं आणि जो दिवस लागतो, तो दोघंही नोकरी करणाऱ्या फ्लॅटमध्ये नाही.

आणि दिवस कुणाचा, हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. केंद्र सरकारने 2019 मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. आमच्या मायांचे किती जात असतील, ते कुणी मोजलंच नाही. वड्या, खुला, सरगुंडे यांची चव आम्ही जन्मभर आठवतो, त्यांच्यावर लेख लिहितो, पण त्या चवीत उन्हाळ्याच्या उन्हात वाकलेली पाठ होती. ज्या घरात त्या पाठीला पर्याय नाही, त्या घरात खोकं घेणाऱ्या सुनेला उधळी म्हणणं मला पटत नाही. भाजी चिरणं हे त्यातलं लहान काम. आज काय करायचं, घरात काय आहे, काय संपलंय, उद्या डब्याला काय, हे डोक्यात सतत चालू असतं, आणि खोकं नेमका तोच भार उचलतं.

त्याचा आणखी एक गुण आमच्या पिढीला कबूल करावाच लागेल. त्या मावसबहिणीचा मुलगा इथे असताना गॅस कसा पेटवतात हे बघायलाही आला नव्हता. तिकडे तो कागद समोर ठेवून आठवड्यातून दोन संध्याकाळी पूर्ण स्वयंपाक करतो. कारण कागदावर सगळं लिहिलेलं आहे, बायकोला विचारत बसावं लागत नाही. आमचे भाऊ भिवापूरच्या घरात चुलीपुढे कधी बसले नाहीत. त्यांना कुणी वड्यांची पुडी बांधूनही दिली नाही, ती लेकींनाच मिळाली.

आपल्याकडे मात्र ही खोकी तशी रुजली नाहीत, आणि त्याचं कारण उघड आहे. महाराष्ट्रात घाईच्या घरांनी हा प्रश्न दुसऱ्या बाईच्या हातांनी सोडवला. पोळ्यांची बाई, खानावळ, डबा. मुंबईत डबेवाले 1890 पासून डबे पोचवताहेत. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. नागपुरातही प्रत्येक वस्तीत डबा देणारी एखादी काकू असतेच. ताजी पोळी-भाजी दारात येत असेल तर कच्चं सामान मागवून कोण शिजवणार? शिवाय आपलं जेवण एका पदार्थाचं नाही. पोळी, भाजी, वरण, भात, वर ठेचा नाहीतर चटणी, हे एका खोक्यात बसवणं सोपं नाही.

खोक्याची अडचण मला वेगळीच वाटते. ते दोघांचं असतं ते दोघांचंच राहतं. तिसरा माणूस दारात आला की पंचाईत. भिवापूरला जेवणाच्या वेळी कुणी आलं तर माय वरणात तांब्याभर पाणी आणि चिमूटभर तिखट वाढवायची, आणि पाहुण्याला ते कधी कळायचं नाही. मोजलेल्या सामानात ती सोय नसते. एवढं प्लास्टिकही सलतं. माझ्या मते दोघंच असलेल्या, दोघंही उशिरा घरी येणाऱ्या घराने आठवड्यातले दोन दिवस खोकं घ्यावं, आणि त्या दोन दिवसांपैकी एक नवऱ्याचा ठरवावा. चार-सहा माणसांच्या घराला ते परवडणार नाही, तिथे वाटणी घरातल्या घरातच करावी लागेल.

पण मला खरी ओढ दुसऱ्याच गोष्टीची आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर झालं. त्याच काळात गावाभोवतीचं तिचं क्षेत्र आक्रसत गेलं. चुरडा-मुरडा रोग येतो, खर्च वाढतो, शेतकरी सोयाबीन आणि कापसाकडे वळतो. सातरे अजून आहेत, खुडणाऱ्या बाया अजून आहेत, आणि वड्या-खुला करता येणाऱ्या शेवटच्या आज्याही अजून आहेत. बचत गटांच्या बाया आता पापड-कुरड्यांची पाकिटं करून प्रदर्शनांत विकतात. मग पाटवडीचं पाकीट का करू नये? एका पुडीत बेसन, दुसरीत सुकं खोबरं आणि खसखस, तिसरीत रश्श्याचा मसाला, चौथीत भिवापुरी तिखट. सोबत एक कागद: बेसन फोडणीच्या पाण्यात घोटा, तेल लावलेल्या ताटात थापा, वरून खोबरं-सांभार पसरा, चौकोनी कापा, रस्सा पातळ आणि तर्रीदार ठेवा. घरातून फक्त तेल, मीठ, कांदा, लसूण आणि सांभार लागेल. हे सगळं कोरडं सामान आहे, बर्फ नको, आठवड्याची घाई नको, नागपूरच्या फ्लॅटपासून जर्मनीपर्यंत कुठेही टिकेल. पुडीवर गाठी बांधायची गरज नाही, आता सगळ्यांना वाचता येतं.

मागच्या उन्हाळ्यात हे मी गावातल्या चार-पाच जणींपुढे मांडलं. एक वहिनी लगेच म्हणाली, मसाला मी भाजते. दुसरीने विचारलं, भाव काय लावायचा? बाजारातल्या पाकिटाएवढाच लावू, असं कुणी तरी सुचवलं. त्यावर सातऱ्यावर जाणारी एक जण बोलली, "मंग आमच्या हाताच्या आगीचं काय?" मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. मायच्या गाठोड्यात मजुरी कधी धरलीच नव्हती, म्हणून ते आम्हाला फुकट वाटत राहिलं. नव्या पाकिटात खुडणीची, भाजणीची, पुड्या बांधण्याची मजुरी आधी धरायची, मग किंमत छापायची. ती पंधरा-वीस रुपयांनी जास्त झाली तर नागपूरच्या आम्ही सगळ्या जणी तेवढे देऊ, आणि सुनांनाही हिशेब समजावून सांगू.