मुद्दाम ठेवलेली लहर

मी मूळचा पेटी दुरुस्त करणारा. दोन रीड एकत्र वाजल्या तर कानाला एकच सूर लागला पाहिजे. मध्ये लहर उरली तर काम कच्चं, हे अंगात भिनलेलं. त्याच तोऱ्यात पहिलं अकॉर्डियन उघडलं.

आत पितळ नव्हतं. पोलादी रीड, लाकडी ठोकळ्यांवर मेण-राळेनं बसवलेल्या. एकेका पत्र्यावर दोन: एक भाता उघडताना बोलणारी, दुसरी मिटताना, गप्प असेल तिची वाट अडवायला चामड्याची इवलीशी जीभ. 41 पट्ट्या, प्रत्येकीला चार सूर, दोन दिशा. उजव्या हातालाच 328 रीड! टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. आठ दिवस खपून मी एकूण एक लहर मारली.

वादकानं पट्टे खांद्यावर चढवले, दोन ओळी वाजवल्या आणि म्हणाला, "दादा, ही तर पेटी झाली."

मधल्या दोन सुरांपैकी एक किंचित चढा ठेवलेला असतो, मुद्दाम. दोघांच्या त्या ओढाताणीतूनच तो थरथरता, भरलेला आवाज येतो. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियनवादन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो; तरी हे कानात शिरलं नव्हतं. पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, तो हवा सारखी करतो. इथे तो नाही. हाताचा प्रत्येक झटका थेट सुरात उतरतो.

व्हिएन्नाच्या सिरिल डेमियननं 1829 मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा पाचच पट्ट्या होत्या. पट्टी दाबली की एक सूर नव्हे, अख्खी सुरावळ एकदम वाजे. भाता उघडताना एक, मिटताना दुसरी. अशा जुळलेल्या सुरांना म्हणतात कॉर्ड, त्यावरूनच नाव पडलं. पियानोच्या पट्ट्या पुढे आल्या आणि उजवा हात गाऊ लागला. डावा मात्र अजून डेमियनचाच आहे: 120 बटणांच्या सहा ओळींपैकी चार ओळी आजही तयार कॉर्डच देतात.

ते अकॉर्डियन मी परत उघडलं. एका ओळीची टोकं खरवडून, अंदाजानं, लहर घातली. खाली संथ, वर जाताना जलद. सूर लावता येत असून तो जरासा चुकवायचा, हे हाताला फार जड गेलं.

आता कुणी अकॉर्डियन आणलं की हत्यार उचलण्याआधी सेकंदाला किती लहरी पडतात ते मोजून वहीत लिहितो. वहीतली पहिली नोंद त्या अकॉर्डियनची आहे. तिच्यापुढे आकडा नाही.