जुनी गाडी पुन्हा उभी करताना काय परत आणावे?

तरुणपणी बाबा आमट्यांकडे सिंगर ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार होती आणि तिच्या गाद्यांवर बिबट्याचे कातडे होते. वरोऱ्यात बसून जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना ही गाडी मला फार महत्त्वाची वाटते. सगळे मूळचे तसेच हवे, हा आग्रह तिच्यापाशी टिकत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते कातडे परत आणता येणार नाही आणि आणूही नये. म्हणजे निष्ठा निवडूनच ठेवावी लागते. माझ्या मते ती रचनेशी असावी, थाटाशी नव्हे. त्या काळच्या अशा गाड्यांत पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असे. हे लाकूड लवचीक, हादरे सोसणारे. पण ओल आणि वाळवीपुढे दुबळे. कुजलेल्या जागी चंद्रपूरचे सागवान जोडले तर अस्सलपणा जातो, असे जाणकार म्हणतील. आक्षेप खरा आहे; सागवान अ‍ॅशसारखे वाकत नाही. म्हणून जिथे बाक आहे तिथे अ‍ॅशच हवे, सरळ तुळयांना सागवान चालेल, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद गाडीसोबत राहावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या बाबांनी ऐश्वर्य सोडून 1949 मध्ये इथे कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले, त्यांच्या गावात श्रीमंती खेळण्यावर घाम का गाळायचा? कारण थाट वगळला की उरतात ते कारागिराचे श्रम. ते समजून घेऊन, आपल्या हातांनी गाडी पुन्हा चालती करणे हा श्रमाचा सन्मानच आहे.