पडद्याचे दोन गुण

सरकारी प्रमाणपत्रांविषयी माझे मत फार पूर्वीपासून बरे नाही. जवळजवळ चाळीस वर्षे मी एका बँकेत काढली आणि तपासणीच्या आदल्या दिवशी काय काय घडते ते मला पाठ आहे. भिंतीला चुना लागतो, कुंड्या कुठून तरी उसन्या येतात आणि साहेबांची मोटार वळणाआड गेली की त्या परत जातात. म्हणून दोन वर्षांपूर्वी भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला, तेव्हा मला हसूच आले. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला रुग्णसेवेच्या गुणवत्तेबद्दल प्रमाणपत्र मिळाले होते. चौकट हातात धरून डॉक्टर, सिस्टर आणि एक झाडूवाल्या मावशी अवघडून उभ्या होत्या. मी आमच्या मंडळींना म्हणालो, "कुंड्या कुणाच्या आणल्या असतील?"

फोटोखाली भाच्याने लिहिले होते, "मामा, यातले दोन गुण मायचे आहेत." माय म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. या वाक्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

धुळे जिल्हा संपून जळगाव जिल्हा सुरू होतो त्या शिवेवर अक्काचे सासर आहे. यंदा अखाजीला मी तिकडे गेलो. अखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया; पण पुण्यामुंबईत तिला सोन्याच्या दुकानापलीकडे काही किंमत नाही. खानदेशात त्या दिवशी माहेरवाशिणी झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात आणि ऊन असे असते, की पांढरपेशा पाहुण्याने सकाळी दहानंतर ओटा सोडू नये. घरात गडबड निराळीच होती. अक्काच्या नातसुनेचे दिवस भरत आले होते. नातू सुरतेला नोकरीला.

मी ताबडतोब शहाणपण केले. म्हटले, धुळ्याला चांगल्या खासगी दवाखान्यात नाव घालू, खर्च माझा. अक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नही. आठेच. मी देखेल शे."

तिने काय पाहिले होते ते मला ठाऊक नव्हते. वाद घालायला वेळही मिळाला नाही. त्याच रात्री पोरीला कळा सुरू झाल्या आणि भाच्याच्या छोट्या टेम्पोतून आम्ही तालुक्याला पोहोचलो. नात्यातल्या एका बाईला सोबत म्हणून आत येऊ देतात, हे मला नवीन होते. आत गेली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची अक्का, पदर खोचून. मी आणि भाचा बाहेर बाकावर बसलो.

वाचकांना वाटेल, अशा वेळी म्हातारा माणूस देवाचे नाव घेत बसला असेल. मी तपासणी करीत बसलो! जन्माची खोड. पहिल्यांदा गेलो तो संडासात. दाराला आतून कडी होती. नळाला पाणी होते. साबण होता. बाहेर आलो तर त्या फोटोतल्याच मावशी पुसत होत्या, आणि एका बादलीने नव्हे, तीन बादल्यांनी. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी, तिसरीत जंतुनाशक. पोछा त्या क्रमाने फिरत होता. रात्रीच्या साडेअकराला कोणता साहेब येणार होता? मी भाच्याला विचारले, "आज तपासणी आहे का?" तो म्हणाला, "मामा, आज फक्त तुम्ही आहात."

मग त्याने मला या गुणांचे शास्त्र सांगितले. तो रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांना जातो. केंद्र सरकारने १५ मे २०१५ रोजी 'कायाकल्प' नावाची योजना काढली. ती मुख्यतः स्वच्छतेची आणि संसर्ग टाळण्याची. तिच्यात सत्तर टक्के गुण मिळवावे लागतात. त्याहून खोल परीक्षा राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची. तिच्यात औषधांपासून कपडे धुण्यापर्यंत शेकडो बारीक बाबी असतात. प्रत्येक बाबीला पूर्ण असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. परीक्षक डोळ्यांनी पाहतात, नोंदवह्या तपासतात, कर्मचाऱ्यांना विचारतात. इथपर्यंत आमच्या बँकेसारखेच झाले. पण चौथी रीत निराळी होती. ते खाटेवरच्या पेशंटला आणि त्याच्या माणसांना विचारतात.

तिथे मी थोडा सरसावून बसलो. चाळीस वर्षांत आमच्या एकाही तपासनिसाने खिडकीपुढच्या रांगेतल्या माणसाला काही विचारलेले मला आठवत नाही.

असे मान पूर्वी मिळत नव्हते असे नाही. जामखेडच्या आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुण्याच्या डॉ. बानू कोयाजींना १९९३ साली. खेड्यातल्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेली माणसे ती. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण तो मान माणसाचा. माणूस गेला की मागे काय उरते याची धास्ती राहतेच. इथे गुण मिळतात ते कडीला, बादलीला, लाल-पिवळ्या डब्यांत कचरा निवडण्याला. डॉक्टरची बदली झाली तरी बादली राहते. आणि 'कायाकल्प'च्या बक्षिसाच्या रकमेतला चौथा हिस्सा काम करणाऱ्यांत वाटायचा असतो, म्हणजे तीन बादल्यांच्या मावशींपर्यंतही काही पोहोचायला वाव आहे.

हे सगळे ऐकून मी अगदीच विरघळलो असे समजू नका. मी विचारले, "पोट फाडायची वेळ आली तर?" भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "१०८ ला फोन. धुळे." तीस खाटांचे रुग्णालय. देशभरातल्या अशा केंद्रांतून तज्ज्ञ डॉक्टरांची जेवढी गरज आहे, तिच्यात जवळजवळ ऐंशी टक्के तूट असल्याचे सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीत आहे. साबणाला दोन गुण मिळतात, पण साबण शस्त्रक्रिया करीत नाही. तो घोर त्या रात्री माझ्या छातीवर होता, आणि तो खोटा नव्हता.

तरी साबणाला हसू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या सुमारास दोन प्रसूतिगृहे होती. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी असत. तिथे शंभरात सुमारे दहा बाळंतिणी तापाने दगावत. दुसऱ्यात सुइणी असत. तिथे मरण बरेच कमी. शहरातल्या गोरगरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या प्रसूतिगृहात जाऊ नये म्हणून त्या हातापाया पडत, कित्येकींनी रस्त्यावर बाळंत होणे पत्करले. १८४७ साली झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदनाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि मरणाचे प्रमाण एकदम खाली आले. मला या गोष्टीत डॉक्टरपेक्षा त्या बायकांचे नवल वाटते. त्यांना गुण देण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता, पण त्यांनी शून्य देऊन ठेवले होते.

दोन वाजता अक्का बाहेर आली. "आजून येळ शे," म्हणाली. मी थर्मासातला चहा दिला. ती बशीत ओतून प्यायली आणि मी विचारण्याआधीच बोलू लागली.

थोरल्या नातीच्या बाळंतपणात ती इथेच होती. तेव्हा परीक्षक आले होते. त्यांतल्या एका बाईंनी तिला विचारले, तपासताना पडदा ओढतात का? अक्काने त्यांना बसवून घेतले आणि अहिराणीत पाव तास सांगितले. काय सांगितले ते त्या बाईंना किती कळले कोण जाणे, पण त्यांनी कागदावर दोन लिहिले. हेच ते मायचे दोन गुण. भाच्याला वाटले होते, माय पडद्याचे कौतुक करीत बसली. अक्का म्हणाली, "मी त्यासले आपली मायनं सांगं."

आमची आई १९५९ साली गेली. मी नऊ वर्षांचा, अक्का बारा. मला सांगण्यात आले ते एवढेच, की बाळंतपणात गेली, घरीच गेली, मूलही गेले. त्यावरून मी माझा हिशेब मांडला. आबांनी तिला दवाखान्यात नेले नाही, पैशाकडे पाहिले. तो हिशेब मी जन्मभर धरून ठेवला. १९७६ साली, लग्नाच्या आदल्या रात्री, मी आबांना ओसरीवर म्हणालो, "तुम्ही तिला दवाखान्यात नेलं असतं, तर आज ती असती." आबा काही बोलले नाहीत. समोरचा पाण्याचा गडू उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. त्यानंतर बारा वर्षे ते होते. मी पैसे वेळेवर पाठवत असे. पत्रात खुशाली असे.

आबांनी तिला नेले होते. दमणी जुंपून, रात्रीत बारा कोस. अक्का सोबत होती. कोणत्या दवाखान्यात ते मी लिहीत नाही. त्या वेळची माणसे आता कोणी उरलेली नाहीत. लांबच्या लांब खोली, खाटेला खाट, मध्ये काही नाही. बायांना तपासत होते आणि पुरुष नातेवाईक येत जात होते. आईला निजवले. कोणीतरी लुगडे वर केले. दारात गावातला ओळखीचा माणूस उभा होता. आई उठली. आबांनी पाय धरले, अक्का म्हणाली, खरोखर पाय धरले. पण ती म्हणाली, मरेन तर घरी मरेन. दमणी परत फिरली. तिसऱ्या दिवशी रक्त थांबले नाही.

"माले शपथ घाली व्हती," अक्का म्हणाली. "कोनले सांगू नको. इज्जतनी गोट." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "आबानी काहीच चूक नव्हती, नाना."

देश स्वतंत्र होण्याच्या आगेमागे आपल्याकडे हजार बाळंतपणांमागे वीस आया दगावत असाव्यात, असा १९४६ च्या भोर समितीचा अंदाज होता. महाराष्ट्रात २०१८-२० च्या पाहणीत हे प्रमाण लाखामागे तेहतिसावर आले आहे. आकडे मला समजतात. आबांचा गडू मला समजला नव्हता.

अक्का आत निघून गेली. दार उघडले तेव्हा मला तो पडदा दिसला. हिरवा, साधा सुती, वर कड्या घातलेला. अक्काने आत जाऊन तो स्वतःच्या हाताने ओढला. कड्यांचा आवाज झाला.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. १०८ चा फोन करावा लागला नाही. सुरतेहून निघालेला बाप अमळनेरला उतरून आठच्या सुमारास आला आणि बाळाकडे न पाहता आधी आजीच्या पाया पडला. धांदलीत त्याला काही सुचत नव्हते.

निघायच्या दिवशी सिस्टरांनी एक कागद दिला. रुग्णाचा अभिप्राय. वागणूक, स्वच्छता, वाट पाहावी लागली का, औषधे आतून मिळाली की बाहेरून आणावी लागली. मी प्रत्येक रकान्यात खूण केली. तळाशी 'आपल्या सूचना' म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या. मी पेन धरून बराच वेळ बसलो. मनात आले, इथे एक नाव लिहावे. पण त्या नावाचा त्या कागदाशी काय संबंध लावणार? अक्का बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"लिख," ती म्हणाली. "पडदा मयना शे. धुवाले टाका म्हना."

मी तसे लिहून दिले.